चोवीस डिसेंबर, बारामती-इंदापूर

पहाटे साडेचार

तुपाचं पातेलं रात्रीच शेगडीशेजारी सरकवून ठेवलं होतं, तरी पहाटे चमचा आत जाईना. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बारामतीत दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे पाण्यात हात घालवत नाही. नानखटाईला ही थंडी सोसत नाही. तूप गोठलेलं असलं तर फेसलं जात नाही, आणि वितळवलं तर साखर तळाशी जाऊन बसते. म्हणून परात गरम पाण्याच्या पातेल्यावर जरा वेळ धरायची, तूप कडेनं सैल झालं की लगेच उचलायची आणि मग तळहातानं, एकाच दिशेनं, फेसत बसायचं.

हे काम आमच्या सासूबाई कुणाला देत नाहीत. पाटावर बसून, पदर खोचून, परात पायांनी अडवून त्या पिठीसाखर घातलेलं तूप फेसतात. आधी पिवळं, मग फिकट, मग पांढरं. दर थोड्या वेळानं वाटीतल्या पाण्यात एक थेंब टाकून बघतात. थेंब बुडाला तर अजून फेसायचं. तरंगला की पीठ घालायचं. तुपात हवा धरली गेली की नाही याची ही परीक्षा आहे, आणि तिच्यापुढे मिक्सर, बीटर सगळं मागे पडतं. ती हवाच भट्टीत फुलते आणि नानखटाईला वर त्या बारीक भेगा पडतात.

यंदा परातीशेजारी एक नवी वस्तू आहे. माझी लेक नववीत आहे. ती भाजी तोलायचा छोटा डिजिटल काटा आणि वही घेऊन आजीसमोर बसली आहे. आजी पितळी वाटीनं मैदा घालते, नात म्हणते, "आजी, थांब. आधी काट्यावर." आजी म्हणते, "अगं, हाताला कळतं ते." नात ऐकत नाही. प्रत्येक वाटी काट्यावरून जाते. मैदा एक किलो, बेसन दोनशे ग्रॅम, बारीक रवा शंभर, तूप साडेसातशे, पिठीसाखर सातशे. वेलदोडा, जायफळ, चिमूट मीठ, चिमूट सोडा. "अंदाजे" हा शब्द वहीत लिहायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. आत्तापर्यंत हे सगळं आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. मला लग्नानंतर या घरात येऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या वाटीत नेमकं किती मावतं ते आज पहिल्यांदा कळलं.

सकाळी सहा

झाकलेली पिंपं स्कूटरवर ठेवून बेकरी. गावातल्या जुन्या बेकऱ्यांत अजून लाकडाची भट्टी आहे, आणि घरचं साहित्य नेऊन बिस्किटं, नानखटाई भाजून आणायची पद्धत आमच्याकडे सगळ्यांचीच आहे. दिवाळीच्या आधी तर या दारात रांग लागते. नाताळला रांग नसते, आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. पण बेकरीवाले चाचा आमच्यासाठी चोवीसची सकाळ राखून ठेवतात. त्यांच्या वडिलांनी आईंच्या सासूबाईंची नानखटाई भाजली होती.

रात्रभर भट्टीत पाव निघालेला असतो. पावाला लागते तेवढी आच नानखटाईला लागली तर ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणून पाव निघून गेल्यावर, उतरत्या आचेवर तिचा नंबर. "ताई, जरा थांबा," चाचा म्हणतात. "आत्ता टाकली तर काळी निघेल." ते मूठभर मैदा भट्टीच्या लादीवर फेकतात आणि बघत उभे राहतात. पहिल्या खेपेला मैदा फेकताक्षणी तपकिरी झाला. चहा झाला. दुसऱ्या खेपेला तो हळूहळू बदामी होत गेला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

मग आमचे हात चालू. तेल पुसलेल्या पत्र्यांवर गोळे अंतर राखून मांडायचे, अंगठ्यानं मधोमध दाबायचं, वर चारोळीचा एक दाणा. चाचांचा मुलगा लांब दांड्याच्या लाकडी फळ्यावर पत्रा घेतो आणि भट्टीच्या पोटात पार मागे सरकवतो. मागची बाजू जास्त तापते, म्हणून निम्म्या वेळात मागचे पत्रे पुढे आणि पुढचे मागे. घड्याळ कुणी बघत नाही. वास बदलतो तेव्हा पत्रा बाहेर येतो. लेकीनं मात्र मोबाइलवर वेळ लावली होती: अठरा मिनिटं. वहीत तसं लिहिलं, आणि कंसात आचेची खूण लिहिली, कारण लाकडाच्या भट्टीला अंश नसतात.

गरम नानखटाई हातात धरवत नाही आणि धरली तर मोडते. ती पत्र्यावरच थंड होऊ द्यायची. पहिल्या पत्र्यातल्या चार चाचांच्या घरात जातात. मजुरी किलोवर ठरते. त्या चारचा मजुरीशी संबंध नाही.

सकाळी आठ

घरी परत. पंचवीसची सुट्टी सरकारी आहे, चोवीसची नाही. मी एका दवाखान्यात हिशेब बघते. आजची रजा नोव्हेंबरातच मागून ठेवावी लागते. यजमान कामाला गेले, लेक शाळेत गेली. जाऊबाई आल्या, शेजारच्या काकी आल्या. काकी वारकरी घरातल्या. आषाढात त्यांच्या दारात दिंडी उतरते. करंज्यांची कड मुरडायला त्यांच्यासारखा हात आमच्या मंडळीत कुणाचा नाही, आणि नाताळच्या करंज्या त्यांनीच मुरडाव्यात असा आता नियमच झाला आहे.

फराळाचं फार सांगत नाही, कारण ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे. करंजी, शंकरपाळी, चकली, रव्याचे लाडू: जे दिवाळीत, तेच आमच्या नाताळात. गोव्याकडे नेवऱ्या, दोदोल आणि थरांची बेबिंक होते, वसईकडच्या घरांचे आपले वेगळे पदार्थ आहेत. आम्ही देशावरचे मराठी ख्रिस्ती, आमच्या डब्यात खोबऱ्याच्या सारणाची करंजी आधी आणि केक नंतर. काही जण मला विचारतात, तुमच्याकडे हे हिंदूंचं फराळाचं कसं? मी सांगते, हे आमच्या आजीपणजीचं आहे. धर्म बदलला तेव्हा माणसं पोळपाट-लाटणं टाकून आली नव्हती.

सकाळी साडेनऊ

आता केक. इथे थोडं सावकाश सांगते, कारण केकचा खरा जीव इथे आहे.

सुका मेवा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधी चार आठवडे, भिजत पडतो: काळे मनुके, बेदाणे, खजूर, काजूचे तुकडे, संत्र्याच्या सालीचा मुरांबा आणि टुटीफ्रुटी. टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे तुकडे साखरेच्या पाकात शिजवून रंगवलेले. ती घरी केली तर तिला पपईची चव राहते, म्हणून आई घरीच करतात. काही घरांत मेवा रममध्ये भिजवतात. आमच्या घरात दारूला जागा नाही, आईंचे वडील त्या बाबतीत फार कडक होते. आम्ही नागपुरी संत्र्यांच्या रसात भिजवतो. रस आंबतो, म्हणून बरणी फ्रिजमध्ये ठेवायची आणि दर दोन दिवसांनी हलवायची. चार आठवड्यांत मनुका फुगून द्राक्षाएवढा होतो.

दुसरी गोष्ट जळक्या साखरेची. आमचा केक काळा असतो, आणि तो काळेपणा कोको घालून आलेला नसतो. लोखंडी कढईत कोरडी साखर, पाण्याचा थेंब नाही, मंद आच. दहा मिनिटं काहीच होत नाही. मग कडेनं साखर वितळू लागते, मधाच्या रंगाची होते, मग चहाच्या, मग धूर येऊ लागतो. इथे आईंचं लक्ष फक्त वासावर. गोड वासात कडू वास शिरला की त्या क्षणी कढई खाली. अर्धं मिनिट उशीर झाला तर सगळा केक कडू होतो, आणि घाई केली तर केक नुसता गोड लागतो, त्याला खोली येत नाही. खाली उतरवलेल्या कढईत उकळतं पाणी ओतायचं. हात लांब आणि तोंड फिरवून, कारण कढई फुत्कारते आणि साखर क्षणात खडक होते. घाबरायचं नाही. पुन्हा आचेवर ठेवली की खडक विरघळतो आणि काळाभोर पाक तयार होतो. वहीत या पाकाची दोन मापं आहेत, तीनशे ग्रॅम साखर आणि दीडशे मिलिलिटर पाणी, पण कढई कधी उतरवायची यासाठी लेकीनं शाळेत जाण्याआधी मला बजावलं होतं, "आई, फोटो काढ." मी उतरवण्याच्या क्षणाचा फोटो काढला. वास कागदावर येत नाही. निदान रंग तरी येईल.

ही साखर कुठली, तेही सांगते. काकींच्या घरी कारखान्याचे सभासद आहेत. दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते, त्यातली थोडी आमच्या नाताळसाठी बाजूला निघते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर: आमच्या चहूबाजूंनी साखर कारखाने. नीरा डाव्या कालव्याचं पाणी इंग्रजांच्या काळात या भागात आलं, त्या पाण्यावर ऊस आला, उसामागून कारखाने आले. डिसेंबर म्हणजे गाळपाचे दिवस. जगात कुठे कुठे नाताळाला बर्फ पडतो म्हणतात. आमच्याकडे मळीचा वास येतो आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. मला तो वास आला की नाताळ जवळ आला असं वाटतं.

पुढचं सोपं आहे पण चुकवायचं नाही. लोणी, साखर, मैदा तिन्ही अर्धा अर्धा किलो, अंडी दहा. अंडी रात्रीच फ्रिजबाहेर काढलेली हवीत, नाहीतर गार अंड्यानं फेसलेलं लोणी फाटतं. मेवा निथळून मैद्यात घोळवायचा, म्हणजे तो तळाशी बसत नाही. डब्यांना आतून बटरपेपर, तोही दुहेरी, कारण असा जड केक दीड तास भाजावा लागतो आणि तेवढ्यात कडा करपतात. ओव्हन १६० अंशांवर. पहिला पाऊण तास दार उघडायचं नाही.

आमच्याकडे आता ओटीजी आहे. त्याआधी अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. लाइट गेली की केक बसायचा. त्याआधी कुकर होता, शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी वाळू घालून. आणि त्याच्याही आधी, आई लहान होत्या तेव्हा, चुलीवर जाड पातेलं ठेवून झाकणावर निखारे टाकायचे: खाली थोडे, वर जास्त. वरून आच मिळाल्याशिवाय केकचा माथा फुलत नाही. आई म्हणतात, निखाऱ्यावरचा केक जास्त चांगला व्हायचा. मी त्यावर वाद घालत नाही, पण ओटीजीचं बटण फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं समाधानही मी पाहिलं आहे.

दुपारी साडेबारा

पहिले दोन डबे बाहेर, दुसरे दोन आत. सुरी खुपसून बघितली, कोरडी निघाली. गरम केक कापायचा नाही, आज तर नाहीच. उद्या सकाळी उपासनेआधी आईच पहिला तुकडा कापतील.

दरम्यान ताटं. हा भाग मला केकपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. स्टीलची ताटं ओळीनं मांडायची. प्रत्येकात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, नानखटाई, केकची फोड. वर क्रोशाचा रुमाल. उद्याच्या ताटांत आज फक्त फराळ भरायचा, केकची जागा मोकळी ठेवायची. रुमाल आईंच्या आईनं विणलेले. त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या होत्या, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना आणि विधवांना आसरा देऊन जे उभं केलं, तिथे. रमाबाईंनी तिथल्या मुलींच्या हातांना विणकामापासून छपाईपर्यंत कामं दिली. रमाबाई १९२२ साली गेल्या. रुमाल अजून धुऊन, इस्त्री करून, दर नाताळला बाहेर येतात.

ताटं कुणाकुणाकडे जातात याची यादी आईंच्या डोक्यात आहे. काकी, समोरचे गुजर, बेकरीचे चाचा, दूधवाले, वॉर्डातले डॉक्टर, शाळेतल्या बाई. आमच्या मंडळीतल्या घरांना ताट सगळ्यांत शेवटी, कारण त्यांच्याकडे सगळं असतंच. दिवाळीत ज्यांचे डबे आले त्यांचे डबे आम्ही रिकामे परत केलेले नाहीत; पण खरं उत्तर नाताळच्या ताटानं जातं. अलीकडे काही घरांनी बेकरीतून केकचे पुठ्ठ्याचे बॉक्स आणून वाटायला सुरुवात केली. वेळ नसतो, मी समजू शकते, मीही नोकरी करते. पण माझं मत स्पष्ट आहे: वर्षातून एकदा तरी हातचं जावं. काकींनी मुरडलेली करंजी आमच्या ताटातून चाचांच्या घरी जाते, हे पुठ्ठ्याच्या बॉक्सनं होत नाही.

दुपारी दोन

इंदापूरला निघाले. यजमानांच्या आत्याबाई तिथे असतात. चोवीसला दुपारी त्यांच्याकडे केक आणि नानखटाई पोहोचवायची आणि त्यांच्याकडचं घेऊन यायचं, हा क्रम आईंच्या लग्नापासून चालू आहे.

काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. संत तुकोबांची पालखी बारामतीहून याच वाटेनं पंढरपूरला जाते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत गोल रिंगण. डिसेंबरात त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी सावकाश चालवावी लागते, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. दरवर्षी इथे मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते म्हणत की तुकोबांच्या वाटेनंच ते ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचले. आमच्या उपासनासंगीतातली कितीतरी गीतं त्यांची. ती अभंगाच्या चालीत, भजनाच्या ठेक्यात म्हणता येतात, म्हणून ती आमची झाली. आणि लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे लिहिलं नसतं तर एका ब्राह्मण घरातल्या बाईला नवऱ्याच्या ख्रिस्ती होण्यानं चुलीपासून काय काय सोसावं लागलं आणि ती त्यातून कशी उभी राहिली, हे महाराष्ट्राला कळलंच नसतं. ख्रिस्ती घरातल्या स्वयंपाकघराचं इतकं खरं चित्र मराठीत दुसरं नाही, असं मी म्हणेन.

आमच्या भागात ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती नंतर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टचे मिशनरी बारामतीत आले. दौंड, श्रीगोंद्याकडेही त्यांचं काम होतं. सुक्या मेव्याचा केक आमच्या घरात आला तो मिशन बंगल्याच्या स्वयंपाकघरातून, असं घरातली मोठी माणसं सांगतात. आईंचे आजोबा तिथे स्वयंपाकाला होते. ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. त्या लोकांना बारामतीची दुपार परकी वाटली नसावी.

लासुर्ण्याच्या पुढे रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या आहेत. बीडकडून, नगरकडून आलेली कुटुंबं, बैलगाड्या, उघड्यावर चुली. इथे गाडी थांबवून शंकरपाळ्यांचं एक पिंप पोरांच्या हाती द्यायचं, ही आत्याबाईंची सक्त ताकीद असते. ख्रिस्त गोठ्यात जन्मला, घरात जागा नसलेल्या माणसांच्या पोटी, असं त्या म्हणतात, आणि त्या जे म्हणतात ते करून घेतात.

दुपारी चार

आत्याबाईंचं घर जुन्या इंदापुरात. दाराला चांदणी: बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत बल्ब. त्यांच्या नातवानं केलेली. विकतची चमकणारी मिळते, पण नातवाला ती नको. ओसरीत सुरूची फांदी कुंडीत रोवलेली, तिला कापसाचे झेले. आणि कोपऱ्यात गव्हाण. तिच्यात घातलेलं गवत म्हणजे खरा ज्वारीचा कडबा, कारण इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात ज्वारी हीच जुनी ओळख. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि पाण्याकडच्या गावांत ऊस, द्राक्ष, डाळिंब आलं, मासेही आले. आत्याबाईंच्या नाताळच्या जेवणात मटणाआधी उजनीच्या माशाचं कालवण असतं. भिगवणकडे धरणाच्या पाण्यावर या दिवसांत रोहित पक्षी उतरतात. आत्याबाईंची मुलं लहान असताना नाताळच्या सुट्टीत हमखास तिकडे जायची.

आत्याबाईंचा केक आमच्याहून वेगळा. गव्हाचं पीठ, गूळ, दही आणि सोडा, अंडं नाही. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की फसफसतं आणि त्यानंच केक फुगतो. म्हणून मिश्रण करून ठेवायचं नाही, कालवलं की लगेच भांडं आचेवर. अंडं का नाही, तर शेजारी माळकरी आहेत आणि त्यांना ताट जायचं असतं. एवढ्या एका कारणासाठी त्यांनी आपल्या घरातला केक बदलला, आणि मला तो आमच्या काळ्या केकपेक्षा कमी वाटत नाही.

"आत्या, प्रमाण सांगा, लिहून घेते," मी म्हटलं.

"काय लिहायचं त्यात? दोन वाट्या पीठ, वाटीला कमी गूळ, दही लागेल तसं."

"वाटी कुठली?"

त्यांनी फडताळातून एक पोचे आलेली जर्मनची वाटी काढली. काटा मी पिशवीत घालून नेलाच होता. त्या वाटीत कणीक १३० ग्रॅम बसली. गूळ चिरून, वाटी तीन बोटं रिकामी ठेवून, ९० ग्रॅम. "दही लागेल तसं" म्हणजे किती, यासाठी त्यांना पुन्हा एक छोटा केक कालवायला लावला. आधी कुरकुरल्या, मग रंगल्या. पिठात दही ओतताना त्या चमच्याकडे बघतच नव्हत्या, मिश्रण चमच्यावरून कसं पडतं तेवढंच बघत होत्या. पावणेदोनशे ग्रॅमला थांबल्या. थंडीत थोडं जास्त लागतं, म्हणाल्या, तेही लिहिलं.

संध्याकाळी सात

बारामतीत परत. उद्याच्या मटणाचा मसाला वाटून ठेवला, कपड्यांना इस्त्री झाली. यजमान चर्चमध्ये झालर लावायला गेलेत, तिथल्या प्रीतिभोजनाचे तांदूळ निवडायला जाऊबाई. यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही. कुठल्याही घरात सणाच्या आदल्या संध्याकाळी हेच चालतं.

रात्री साडेनऊ

कॅरलवाली मंडळी आली. पेटी, ढोलकी, टाळ आणि एक गिटार. पाळकसाहेब पुढे, तरुण संघ मागे, शब्बाथ शाळेची पोरं कानटोप्या घालून. दारात उभं राहून आधी टिळकांचं एक गीत, मग चालू चालीचं एक. गल्लीतली सगळी दारं उघडतात. काकी टाळ घेऊन मंडळीत उभ्या राहतात आणि त्यांचा टाळ कधी चुकत नाही. पाळकसाहेब छोटी प्रार्थना करतात: घरासाठी, आजाऱ्यांसाठी, गावासाठी. मग चहा आणि फराळाची परात. गाणारी पोरं रात्रभरात इतक्या घरी खातात की करंजी बघून नको म्हणतात. नानखटाईला मात्र अजून कुणी नको म्हटलेलं नाही. पाळकबाईंनी एक तोंडात टाकली आणि आईंना विचारलं, "कशी केली, सांगाल का?"

आई माझ्या लेकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला विचारा. हिच्याकडे लिहिलेलं आहे."

रात्री साडेअकरा

पोरं पुढच्या गल्लीत गेली. केक बटरपेपरात गुंडाळून डब्यांत बंद. ताटं ओळीनं. सकाळी साडेआठला उपासना आहे, त्याआधी पहिली पाच ताटं पोहोचली पाहिजेत.

वही पूर्ण झाली: नानखटाई, काळा केक, पपईची टुटीफ्रुटी, आत्याबाईंचा गुळाचा केक. प्रत्येकापुढे ग्रॅम, वेळ, आचेची खूण आणि पदार्थ कुणाचा ते नाव. उद्या जाऊबाईंना आणि पाळकबाईंना तिची झेरॉक्स द्यायची आहे.

तुमच्या घरातही अंदाजानं करणारा एखादा हात असेल, सण कुठलाही असो. या सुट्टीत काटा आणि वही घेऊन त्यांच्याशेजारी बसा. त्या "लागेल तसं" म्हणतील, तेव्हा तिथेच थांबवून तोला. आणि उद्या तुमच्या दारात क्रोशाच्या रुमालाखाली ताट आलं, तर आत बोलवा, चहा करा, कुणी काय केलं ते विचारा.